काट्यावरचं वजन आणि गौरव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘माणूस जगतो कशासाठी’ हा आपल्या पुरवणीतला लेख जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर, कापसाच्या गाडीवर बसून वाचला. नंबर लागायला दुपार झाली. वरून ओल दाखवून क्विंटलमागे कपात केली ती वेगळीच.

लेखकाने बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ४३व्या अध्यायाचं ‘माझ्या गौरवासाठी निर्माण केले’ हे वचन घेतलं आणि देवाला स्तुतीची भूक आहे काय, असं विचारलं. मी तीस वर्षं चर्चमध्ये वाचन करतो, म्हणून लिहितो. मूळ हिब्रू शब्द ‘कावोद’. त्याच्या धातूचा अर्थ जड असणे. आपला ‘गौरव’ तरी कुठून आला? ‘गुरु’ म्हणजे जड, त्यातूनच. त्याच वचनात घडवण्याचं एक क्रियापद आहे, ‘यात्सार’. कुंभाराला हिब्रूत ‘योत्सेर’ म्हणतात ते त्यावरूनच. आणि हे ऐकवलं कोणाला? बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बंदिवासात गेलेल्या इस्राएली लोकांना, ज्यांचं जगात काही वजन उरलं नव्हतं. म्हणजे इथं गौरव ही नुसती स्तुती नव्हे, वजन आहे.

वजन नसणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कवडीत, म्हणजे बोंडातल्या खराब कापसात, पाहा. ढिगात पांढरी दिसते, पण मुठीत धरली की हलकी, किडकी. माझी बायको वेचताना ती ओट्यात वेगळी ठेवते. कोणी पाहत नसलं तरी.

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायात आदामाला बाग दिली ती मशागत करायला आणि राखायला. त्यातल्या मशागतीच्या ‘आवाद’ या शब्दाचा दुसरा अर्थ सेवा, उपासना. लेखात हे यायला हवं होतं.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ