आधी पाणी, मग सावली, मग रोम : ताईंना उघडं पत्र

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

रोम कसं फिरावं हे सांगणाऱ्या, तुम्ही तिथून पाठवलेल्या चार पानांच्या झेरॉक्स आता पुण्यात तीन घरांत फिरताहेत, आणि सप्टेंबरात निघणारे आणखी दोघं त्या मागताहेत. म्हणून हे आभाराचं पत्र पाकिटात न घालता उघडंच लिहितोय. साठी ओलांडून पहिल्यांदा रोमला निघालेल्या कुणाच्याही ते उपयोगी पडावं.

पहिल्या पानावर तुम्ही बघायच्या जागा लिहिल्याच नव्हत्या. पाणी कुठे, बसायला कुठे, सावली कुठे, स्वच्छतागृह कुठे असे चार रकाने होते आणि कोलोसियम पाचव्या रकान्यात. वाचून जरा हसूच आलं होतं. पण तुमचं गणित बरोबर होतं. रोममध्ये माणूस अंतरानं थकत नाही. टेर्मिनी स्टेशनपासून व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चपर्यंत अख्खं जुनं शहर ओलांडलं तरी चारेक किलोमीटर होतात, आणि तेवढं तर आपण सारसबागेत फेऱ्या मारतानाही चालतो. थकवतात ते तिथले दगड, रांगेत उभं राहणं आणि ऊन.

दगडांबद्दल तुम्ही अर्धं पान खर्च केलंत त्याबद्दल पहिले आभार. जुन्या रोमच्या रस्त्यांवरचे काळे ठोकळे, ज्यांना तिथे साम्पिएत्रीनी म्हणतात, ते लाव्हाच्या दगडाचे असतात. माथा साधारण 12 सेंटीमीटर चौरस आणि खाली पाचरीसारखे निमुळते. ते वाळूत ठोकून बसवतात, त्यामुळे वाहनांच्या वजनानं हळूहळू वर-खाली होतात. परिणामी प्रत्येक पाऊल जरा वेगळ्या कोनात पडतं. घोटा दिवसभर तोल सावरत राहतो आणि रात्री पोटऱ्या भरून येतात. मऊ मऊ तळव्याचे बूट इथे नडतात, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. तुमची परीक्षा सोपी होती : बूट हातात घेऊन पुढून-मागून दाबायचा, तळवा मधोमध घडी पडल्यासारखा दुमडला तर तो बूट घरीच ठेवायचा. फक्त बोटांपाशी वाकला तर चालेल. दुपारपर्यंत पाय सुजतात म्हणून अर्धा नंबर मोठा, आणि निघायच्या आधी किमान तीन आठवडे रोज वापरलेला. फोड येण्याची वाट बघायची नाही. टाच गरम लागू लागली की तिथेच, फुटपाथवर बसून, पट्टी लावायची. हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की ते औषधाचं दुकान. तिथे 'चेरोत्ती पेर वेशीके' म्हटलं की फोडाच्या पट्ट्या मिळतात.

बॅगेचंही तसंच. चार छोट्या चाकांची, विमानतळावर बोटानं सरकणारी बॅग या दगडांवर जागची हलत नाही, कारण चाक फटीत जाऊन आडवं होतं. दोन मोठ्या चाकांची, तिरकी करून ओढायची जुनी बॅग बरी.

आता पाणी. 'नाझोने' म्हणजे मोठ्या नाकाचा. तुम्ही त्याला 'नाकाड्या' म्हटलंत आणि तेच नाव आता इथे रूढ झालंय. ओतीव लोखंडाचा, कमरेच्या वर येणारा खांब आणि त्याला खाली वाकलेली नळी. 1874 पासून ते रस्त्यांवर आहेत आणि आज शहरात सुमारे 2,500 असतील. तोटी नाही, पाणी अखंड वाहतं. आपल्या जिवाला ते बघवत नाही, पण वाहतं म्हणूनच ते नळात साचून तापत नाही आणि भर उन्हातही गार लागतं. चव जराशी जड, कारण पाण्यात चुना आहे. पिण्यालायक मात्र पूर्ण. आणि ती गंमत : नळीच्या वरच्या बाजूला, वाकणाशी, एक बारीक भोक असतं. नळीचं तोंड बोटानं दाबलं की त्या भोकातून कारंज्यासारखी धार वर उडते आणि न वाकता पिता येतं. बोट हळूहळू दाबायचं. एकदम दाबलं तर धार थेट चष्म्यावर. अर्धा लिटरची एकच बाटली प्रत्येकानं जवळ ठेवायची आणि नाकाड्या दिसला की भरायची, हा तुमचा नियम पाळला तर पाठीवर दोन-दोन लिटर वाहावं लागत नाही. बाटली काचेची नको, कोलोसियमच्या तपासणीत ती अडवतात.

दिवस तुम्ही मधोमध तोडलात तो आम्हांला सगळ्यांत पटला. सकाळी 7 ते साडेअकरा बाहेर, मग खोलीत पाय वर करून पडायचं, 4 नंतर पुन्हा बाहेर. 'इतका खर्च करून जायचं आणि दुपारी झोपायचं?' हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. पण पुष्कळशी लहान चर्च साडेबारापासून साडेतीन-चारपर्यंत बंदच असतात, आणि दुपारच्या उन्हात फोरमसारख्या (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) ठिकाणी उभं राहायला सावली नाही. तेव्हा झोपून काही बुडत नाही. मात्र यासाठी राहायची जागा मध्यात हवी. लांबची स्वस्त खोली घेतली की दुपारचं परतणं होत नाही आणि सगळी आखणी कोसळते. खोलीचं भाडं आधी भरलेलं असलं तरी शहराचा कर माणशी, रात्रीमागे, तिथे पोचल्यावर वेगळा द्यावा लागतो. तोही तुम्ही हिशेबात धरला होतात.

कोलोसियमचं तिकीट आता नावावर निघतं आणि दारात ओळखपत्र बघतात. मराठी माणसाची अडचण इथेच होते. तिकिटावर घरातलं नाव, वडिलांचं नाव गाळून किंवा आडनाव आधी, असं काहीही लिहिलं जातं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच रकान्यात, तेच स्पेलिंग. अधिकृत तिकीट भेटीच्या 30 दिवस आधी खुलं होतं आणि बऱ्याचशा वेळा झटकन भरतात, म्हणून तारीख कॅलेंडरवर मांडून बसावं लागतं. 18 युरोंच्या साध्या तिकिटात कोलोसियमबरोबर फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही येते आणि ते 24 तास चालतं. या 24 तासांचा तुम्ही केलेला उपयोग कुठल्या सहल कंपनीच्या पत्रकात दिसला नाही. कोलोसियमची वेळ उतरत्या दुपारची घ्यायची, तेवढं बघून परत यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताच व्हिया दी सान ग्रेगोरियोवरच्या दारानं पॅलाटाइनवर चढायचं, झाडांच्या सावलीतून फिरायचं आणि मग फोरममध्ये उतरायचं. चढण गारव्यात होते, नंतर सगळा उतार. एकाच सकाळी तिन्ही उरकणारे लोक फोरममध्ये पोचेपर्यंत दगडावर बसून फक्त परतीची वाट विचारत असतात. महिन्याचा पहिला रविवार टाळायचा, त्या दिवशी प्रवेश फुकट असतो आणि गर्दी त्या मानानं. 2 जूनही टाळायचा, कारण प्रजासत्ताक दिनाचं संचलन कोलोसियमला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरूनच असतं.

व्हॅटिकनबद्दल थोडक्यात. संग्रहालयाचं दार आणि सेंट पीटर्सचं दार वेगळं. भिंतीला वळसा घालून एकाकडून दुसरीकडे जायला पंधराएक मिनिटं लागतात, आणि चुकीच्या रांगेत तासभर उभं राहणारे रोज दिसतात. संग्रहालय रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार उघडा आणि फुकट, म्हणून तोही नको. चर्चला तिकीट नाही पण तपासणीची रांग आहे, आणि बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली की चर्च उशिरा उघडतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेसला काहीच अडचण नाही, अडतात ते बर्म्युडावाले पुरुष.

सेंट पीटर्सच्या घुमटाच्या पायऱ्या मात्र तुमच्या पानात एका ओळीत आटोपल्या होत्या, तिथे ही भर घाला. एकूण 551. लिफ्टनं छतापर्यंत गेलं तरी 320 उरतात. पर्वतीच्या 103 पायऱ्यांच्या हिशेबात तीन पर्वती आणि वर थोडं. पर्वती रोज चढणाऱ्याला आकडा किरकोळ वाटेल. खरी अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. घुमटाच्या दोन कवचांमधून वाट जाते, म्हणून भिंत तुमच्याबरोबर आत कलत जाते आणि एका कुशीवर रेलून चढावं लागतं. वाट एकेरी आणि अरुंद आहे, मध्येच मागे फिरता येत नाही. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी लिफ्टनं छतावर उतरून तिथेच थांबावं. गुडघ्यापेक्षा हे आधी विचारायला हवं.

बसायला जागा म्हणून लहान चर्च वापरा, हे तुम्ही किती सहज लिहून गेलात! नवोना चौकाजवळच्या सान लुईजी देइ फ्रांचेझीत काराव्हाज्योची तीन मोठी चित्रं आहेत. आत जायला पैसे नाहीत, बाकं आहेत, गारवा आहे. कितीतरी चर्चमध्ये चित्रावरचा दिवा नाणं टाकल्यावरच लागतो, म्हणून सुटी नाणी खिशात हवीत. सान पिएत्रो इन व्हिंकोलीतला मिकेलांजेलोचा मोझेसचा पुतळाही असाच, बसून बघण्याचा. याउलट स्पॅनिश पायऱ्या. 135 पायऱ्या बघून पाय आपोआप टेकतात, आणि तिथेच बसायला 2019 पासून बंदी आहे, दंड होतो. पँथिऑनमध्ये, म्हणजे घुमटाच्या प्राचीन रोमन देवळात, बाकं आहेत. 2023 पासून तिथे तिकीट आहे. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून उंची दोन्ही 43.3 मीटर, आणि माथ्यावरचं भोक खरोखर उघडं. पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. पाऊस आला की बाहेर पळू नका, आत जा, हे तुमचं वाक्य आम्ही ठळक केलंय.

शाकाहारी मंडळींसाठी तुम्ही जे तीन परिच्छेद लिहिलेत ते एखाद्या मार्गदर्शिकेत छापावेत असे आहेत. कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रिचा या तिन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस असतंच. काढून देता येत नाही, कारण सॉसच त्याच्या चरबीत होतो. काचो ए पेपे या पास्त्यात फक्त चीज आणि मिरी, पण ते पेकोरीनो चीज जमवायला कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात. कडक पाळणाऱ्यानं तेही सोडावं. आणि सगळ्यांत फसवी ती भोपळ्याच्या फुलांची भजी. काचेआड फ्योरी दी झुक्का सोनेरी तळून ठेवलेली दिसतात, ओळखीचा पदार्थ म्हणून हात जातो, आणि आत मोझ्झारेल्लाबरोबर अँचोव्ही मासळीचा तुकडा निघतो. पीठ आपल्यापेक्षा पातळ आणि कुरकुरीत, त्यामुळे बाहेरून पत्ता लागत नाही. 'सेन्झा अलीची?' असं आधी विचारायचं. सुप्लीच्या, म्हणजे तळलेल्या भाताच्या गोळ्यांच्या, भातातही बहुतेकदा मांसाचा रस असतो. बिनधोक म्हणजे ज्यू वस्तीतलं तळलेलं आर्टिचोक, आणि वजनावर मिळणारा आयताकृती पीत्सा. तो कात्रीनं कापतात. बोटांनी रुंदी दाखवायची, 'पोमोदोरो' (टोमॅटो) म्हणायचं, तराजूवर ठेवतात, भाव किलोचा असतो. 'एत्तो' म्हणजे 100 ग्रॅम, आणि माणशी दोन एत्तो दुपारला पुरतात.

दुपारी तीनच्या सुमारास बऱ्याच खानावळींचा भटारखाना बंद होतो तो सात-साडेसातला उघडतो, हेही लक्षात ठेवायचं. कॉफी काउंटरला उभं राहून घेतली तर स्वस्त, तीच टेबलावर महाग. पाय दुखत असतील तर फरकाचे पैसे खुशाल द्यावेत, ते खुर्चीचं भाडं समजावं. शिवाय कॉफी घेतली की स्वच्छतागृह वापरता येतं.

जाण्यायेण्याचं तुम्ही दहा ओळींत बसवलंत, आम्ही पाचात बसवतो. विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस 32 मिनिटांत टेर्मिनीला, 14 युरो. खोली नदीपलीकडच्या त्रास्तेव्हेरे भागाकडे असेल तर ती न घेता 8 युरोंची साधी लोकल, कारण ती त्रास्तेव्हेरेलाच थांबते. चौघं असतील तर ठरलेल्या दराची पांढरी टॅक्सी परवडते, दर गाडीचा असतो, माणशी नव्हे. दीड युरोंचं साधं तिकीट 100 मिनिटं चालतं, पण मेट्रोत एकदाच शिरता येतं, आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात छापलं नाही तर तिकीट असूनही दंड. 64 नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे. संपाच्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी 5 ते 8 गाड्या चालवाव्याच लागतात.

सप्टेंबरात निघणारे दोघं तुमच्यासाठी बाकरवडी आणि गोडा मसाला आणताहेत. पेढे द्यायची फार इच्छा होती, पण दुधाचं काहीही प्रवाशाच्या सामानातून युरोपात आणू देत नाहीत, हे तुमच्याच चौथ्या पानावर तळाला लिहिलेलं आहे.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
पुण्याचे सहाजण