मत मोजायच्या अभ्यासाला बसण्याआधी

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

माणसं आपलं मत कशी बदलतात, या मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी तुम्ही दोघं जळगावला जाणार आहात, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते. ही परीक्षा नाही. तुमचं मत बरोबर की चूक, हे त्यांना बघायचं नसतं. पुरावा समोर आल्यावर ते किती सरकलं, एवढंच मोजायचं असतं.

म्हणून पहिला आकडा फार जपून लिहा. एक विधान देतील आणि ते किती खरं वाटतं, हे 0 ते 100 मध्ये विचारतील. 50 म्हणजे दोन्हीकडे सारखं. बाबा, हे मार्क नाहीत. 100 लिहिलं की पुढे कसलाही पुरावा आला तरी मी हलणार नाही, असा त्याचा गणितात अर्थ होतो. तिळभर शंका असेल तर 95 लिहा.

विधानाचं क्रियापदही बघा. समजा, ‘केळीवर हरण्या ढगाळ हवेमुळे होतो’ असं लिहिलेलं आहे. हरण्या हा रोग होतो विषाणूमुळे, तो पसरवते मावा ही कीड, आणि ढगाळ, दमट हवा माव्याला मानवते. म्हणजे ‘हवेमुळे होतो’ आणि ‘तशा हवेत वाढतो’ ही दोन वेगळी विधानं झाली. आकडाही वेगळा येईल. समजलं नाही तर पुन्हा वाचून दाखवा म्हणा, पण ते अहिराणीत फोड करून सांगणार नाहीत. प्रत्येकाला वेगळं समजावलं की प्रश्नच बदलतो.

पुरावा आल्यावर किती सरकावं, याचा अंदाज बहुतेकांचा कमी पडतो. आई, घरीच करून बघ. एका डब्यात 70 लाल आणि 30 पांढऱ्या चवळ्या, दुसऱ्यात उलट. (तूर-हरभरा नको, बोटांना आकार कळतो.) बाबांनी न सांगता एक डबा पुढे करायचा. तू न बघता एक दाणा काढ, रंग लिहून ठेव, दाणा परत टाकून डबा हलव. असं 12 वेळा. समजा 8 लाल, 4 पांढऱ्या आल्या. हा लाल जास्तीचा डबा आहे, याची खात्री किती? बहुतेक जण 70-80 म्हणतात. हिशेबानं ती 97 येते, कारण लाल 4 नं जास्त आहेत आणि त्या प्रत्येकीमागे पारडं 7 ला 3 असं गुणत जातं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ वॉर्ड एडवर्ड्स यांनी 1968 मध्ये पोकर खेळातल्या रंगीत चकत्यांच्या पिशव्यांवरून हेच मांडलं होतं.

काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारतील. मागचा आकडा आठवून तोच लिहू नका. बाबा, तुम्ही शब्दाला जागणारे, पण इथे शब्द दिलेलाच नाही. आणि समोरची मुलगी गोड बोलते म्हणून तिला आवडेल असं उत्तरही नको, त्यानं तिचंच काम वाया जातं. दोघं वेगवेगळे बसा, जेवताना उत्तरं ताडून बघू नका. दुसरी फेरी होईपर्यंत गल्लीतही बोलू नका.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शेवटचा खुलासा ऐकल्याशिवाय उठू नका, बस चुकली तरी चालेल. अशा अभ्यासात कधी कधी मुद्दाम खोटी माहिती दिलेली असते. 1975 मध्ये मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि सहकाऱ्यांनी लोकांना खऱ्या-बनावट चिठ्ठ्या ओळखायला लावून खोटे निकाल सांगितले. ते खोटे होते हे नंतर उघड केलं, तरी ‘आपल्याला हे जमतं’ किंवा ‘जमत नाही’ हा समज बऱ्याच अंशी टिकून राहिला. असा समज कसा चिकटून राहतो, हे उलगडून सांगितल्यावर तो बराच निवळला. म्हणून नुसतं ‘ते खरं नव्हतं’ ऐकून समाधान मानू नका. कोणतं विधान खोटं, ते का दिलं आणि खरं काय, हे विचारून कागदावर लिहून आणा. औषधाविषयी काही असेल तर खासच.

संमतीपत्राची एक प्रत मागून घ्या. मधेच उठायचा हक्क आहे आणि कारण सांगावं लागत नाही, हे त्यात असायला हवं. नावाऐवजी क्रमांक वापरतात का, ते विचारा. प्रवासखर्चासाठी खातं विचारलं तरी ओटीपी कुणालाच द्यायचा नाही.

आई, जवळचं वाचायचा चष्मा पिशवीत ठेव. बाबांची दुपारची गोळीही.

तुमची लेक