चि. रेवास, महालातून

महाल, नागपूर
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर आईने ताट वाढलं तरी मी बराच वेळ तसाच बसून होतो. "सोडून दे ते काम, डोळे जातील," असं मी म्हणायला नको होतं. तुझं नुसतं डोकं दुखत होतं, आणि मी एकदम नोकरीवर आलो. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी असं बोलू नका." ते 'तुम्ही तरी' तेव्हापासून मनातून जाऊन नाही राहिलं.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. डोळ्यांचा विषय काढणार नाही, असं आईला कबूल केलं आहे.

तू कॉम्प्युटरसाठी काढून पाठवलेला 'भ' बंडूने मोठ्या कागदावर छापून आणला. देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर लावला आहे. आठ दिवस येता-जाता पाहतो आहे. चांगला उतरला आहे, बेटा. दंड सरळ आहे, पण काठीसारखा नाही. शिरोरेषेतली फट नेमकी हवी तेवढीच. ती फट बुजली की 'भ'चा 'म' होतो आणि 'भात' वाचायचा तिथे माणूस 'मात' वाचतो, हे मी प्रुफं तपासून तपासून शिकलो. डावीकडची गाठ मात्र मला अजून घट्ट वाटते. तू म्हणशील, स्क्रीनवर शाई कुठे भरते? पण उद्या तुझं अक्षर कोणी औषधाच्या माहितीपत्रकावर सहा पॉइंटात, हलक्या कागदावर छापेल, तेव्हा त्या गाठीचा काळा ठिपका होईल. आमच्या छापखान्यात ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या मशीनवर, 'भ' आणि 'क्ष' सगळ्यात आधी भरायचे. मग मशीन थांबवून खिळा, म्हणजे ते शिशाचं अक्षर, चिंधीने पुसायचा.

मागच्या दिवाळीत तूच मला मॅथ्यू कार्टरचं सांगितलं होतंस, तोही तुझ्यासारखा अक्षरं काढणारा. 1978 साली अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी त्याने बेल सेंटेनियल नावाचा टाइप केला. हलका कागद, भरधाव मशीन, बारीक अक्षर. म्हणून त्याने रेघा जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत मुद्दाम खाचा ठेवल्या. शाई पसरायची ती त्या खाचेत, आणि अक्षर मोकळं राहायचं. त्या रात्री मला झोप आली नाही. जे काम मी पंधरा वर्षं चिंध्यांनी करत होतो, ते त्याने अक्षराच्या अंगातच करून ठेवलं होतं.

त्याचे वडील हॅरी कार्टर, तेही टाइपातले जाणकार. मुलगा ऑक्सफर्डला जायचा होता. मधलं एक वर्ष मोकळं होतं म्हणून वडिलांनी त्याला हॉलंडला, हार्लेमच्या एन्शेडे छापखान्यात पाठवलं. तिथे तो पोलादावर हाताने अक्षर कोरायला शिकला आणि ऑक्सफर्ड राहूनच गेलं. आपण पाठवलेला मुलगा परत शिकायला गेला नाही, तेव्हा त्या वडिलांना काय वाटलं असेल, याचा मी विचार करतो. तू हिंजवडीची नोकरी सोडलीस तेव्हा मी तीन महिने तुझ्याशी धड बोललो नव्हतो. आणि तुला पाचव्या वर्षापासून खिळ्यांजवळ उभं करणारा मीच.

जर्मनीच्या हेरमान झाफचंही तू सांगितलं होतंस, पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे टाइप केलेल्या माणसाचं. त्याला व्हायचं होतं इलेक्ट्रिकल इंजिनिअर. 1933 नंतर वडिलांच्या राजकारणापायी ते दार बंद झालं आणि तो अक्षरांकडे आला. तुझ्या हातात इंजिनिअरिंगची पदवी होती, दार सताड उघडं होतं, आणि तू आपल्या मनाने आलीस. हे मी तुला तेव्हा म्हणायला हवं होतं. आता म्हणतो.

कार्टरचा जन्म 1937 चा. 1996 मध्ये त्याचा व्हर्डाना टाइप आला तेव्हा तो साठीला टेकला होता, आणि काम होतं स्क्रीनवरचं, ठिपका न् ठिपका मांडायचं. म्हणजे साठीलासुद्धा त्याचे डोळे

पाहा, आलोच त्याच विषयावर. आता आलोच आहे तर सांगून टाकतो. रेवा, मला काचबिंदू आहे.

आषाढात कळलं. गांधी गेटपाशी डावीकडून सायकलवाला आला तो मला दिसलाच नाही. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. आईने हट्ट धरला म्हणून रामदासपेठेत दाखवलं. डोळ्यांचा दाब एका डोळ्यात 28, दुसऱ्यात 31 निघाला. 21 च्या आत असावा म्हणतात. मग एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. समोर बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं, मी सगळे दाबले. कागद निघाला तर डावीकडे मोठा काळा पट्टा. जन्मभर ओळीच्या टोकाला सुटलेला अनुस्वार पकडणारा मी, आणि एवढे ठिपके माझ्यासमोरून गेले.

तुला काऊन नाही सांगितलं, हे आई रोज विचारते. तू ते नवं काम हातात घेतलं होतंस, म्हणून. बाकी काही कारण नाही.

आता नीट वाच. हा रोग दुखत नाही, डोळा लाल होत नाही. दिसणं कडेकडेने जातं आणि समोरचं लख्ख राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येतं. आईबापाला किंवा भावंडाला असला की मुलांना धोका वाढतो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "मुलं किती?" मी म्हटलं, "एक मुलगी, मुंबईला अक्षरं काढते." ते म्हणाले, "तिचे डोळे तपासून घ्या." मी घाबरून विचारलं, स्क्रीनमुळे होतो का? ते म्हणाले, नाही. म्हणजे परवा मी तुझ्या कामाला उगाच दोष दिला. तुला झालाच तर तो तुझ्या कामातून नाही, माझ्याकडून आलेला असेल. हे मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी तुझ्या नोकरीवर ओरडलो.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात ती तपासणी नव्हे. डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून आतली नस, आणि ते बटणाचं यंत्र, तिन्ही करून घे. बाहुली मोठी केल्यावर तीन-चार तास अंधूक दिसतं, एकटी लोकलने जाऊ नकोस. सकाळी लवकरची वेळ घे. मागच्या रिपोर्टची फाईल... माफ कर. सत्तावीस वर्षांच्या मुलीला मी वेळ कोणती घ्यायची ते सांगतो आहे.

तू लहान असताना दुपारी डबा घेऊन यायचीस, आठवतं? आबाजी तुला छापखान्याच्या पायरीवर बसवून जायचे. तू खिळ्यांच्या पेटीतल्या खणांत बोटं घालायचीस आणि मी ओरडायचो, हात धुतल्याशिवाय पोळीला लावायचा नाही, ते शिसं आहे. एकदा फ्रॉकच्या खिशात 'ळ' घेऊन गेलीस. मला तिकडे छपाईला जुळवलेल्या फर्म्यात 'ळ' कमी पडला, पत्रिकेत 'कांबळे' होते. मी घरी येऊन विचारलं तर तू म्हणालीस, "तो झोपला आहे." छापखाना बंद झाला तेव्हा सगळे खिळे इतवारीत किलोवर गेले. तो 'ळ' राहिला. हळदीच्या जुन्या बरणीत आहे, आईला विचार.

आमचे मालक खिळे जुळवणाऱ्या आम्हा जुळाऱ्यांना मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं आणून दाखवायचे. म्हणायचे, जावजी दादाजींचं नाव सगळे घेतात. 1869 साली छापखाना काढला, त्याआधी टाइपाचा कारखाना. पण पोलादाच्या टोकावर उलटं अक्षर कोरलं ते राणूजी रावजी आरूंनी. ते पोलाद तांब्यावर ठोकायचं, त्या ठशावर शिसं ओतायचं, तेव्हा कुठे एक खिळा. बंगालचे पंचानन कर्मकार तर लोहारकाम करणाऱ्या घरातले. चार्ल्स विल्किन्स या इंग्रजाबरोबर बांगला टाइप केला, मग तिकडच्याच, बंगालातल्या श्रीरामपूरच्या छापखान्यासाठी नागरी कोरला, आणि विद्या दिली जावयाला, मनोहरला. घरात हात उतरतो. तुझ्यात माझा उतरला, हे मी कोणाजवळ बोलत नाही, पण मला ते माहीत आहे. आणखी काय उतरलं असेल, याच विचाराने रात्री दोनला जाग येते.

परवा बंडूबरोबर सातबाऱ्याच्या कामाला गेलो होतो. तिथला कागद 'मंगल' टाइपात छापलेला. मी बाबूला म्हटलं, हे अक्षर र. कृ. जोशींचं. तो म्हणाला, हे कॉम्प्युटरचं आहे. मी त्याला खुर्ची ओढायला लावून सगळं सांगितलं, की हे एका मराठी माणसाने, कवीने, आय.आय.टी.त शिकवणाऱ्या सुलेखनकाराने काढलं आहे, आणि कॉम्प्युटर आपोआप अक्षर काढत नाही. मग म्हटलं, माझी मुलगीही हेच करते. बंडू बाहेर येऊन म्हणाला, काका, तुमचा आवाज सगळ्या ऑफिसात ऐकू आला.

काल मारबत पाहायला गेलो. आई नको म्हणत होती, गर्दीत डावीकडून धक्का लागेल म्हणून. बंडूने दंड धरला होता. काळी गेली, पिवळी गेली, पोरं ओरडत होती, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. मीही ओरडलो. इतक्या वर्षांत कधी ओरडलो नव्हतो. कोणाच्या डोळ्यांसाठी, ते तुला सांगायला नको.

थेंब रोज रात्री नऊला घालतो, चुकवत नाही. आईने वेळ लिहून भिंतीवर लावली आहे, तुझ्या 'भ'च्या खाली.

तुझा
बाबा

ता. क. संत्रा बर्फी आणि मावशीने दिलेलं तिखट बंडूच्या मित्राबरोबर पाठवतो आहे, तो रविवारी दुरांतोने निघतो. गाठ सैल करून 'भ' पुन्हा पाठव. आणि तपासणी झाली की दोन्ही डोळ्यांचा दाब आईच्या फोनवर टाक. नुसते दोन आकडे टाकलेस तरी चालेल.