दिवाळीनंतर शाळेत येणाऱ्या मुलांचा हिशोब कुणी ठेवायचा?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्थलांतरित कुटुंबांची मुलं ज्या शाळांत येतात, त्या शाळांना शैक्षणिक साहित्यासाठी स्वतंत्र अनुदान मिळणेबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या राज्यात शाळेचं वर्षभराचं नशीब ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. संच मान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करताना, तोच पट धरतात, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणीतली माहितीही त्याच तारखेची. शिक्षक किती, गणवेश किती, पुस्तकांचे संच किती, शाळा अनुदान किती, सगळं त्या आकड्यांवरून निघतं. आणि ऊसतोडणीच्या टोळ्या बीड, जालना, परभणीकडून निघतात दसरा-दिवाळीच्या आसपास. वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात. बांधकामं पाऊस उघडल्यावर जोर धरतात. म्हणजे मोजणी उरकली की मुलं पोचतात, आणि हे दरवर्षी होतं.

मी पुणे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत नोकरी केली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं अशा भागात गेली, जिथे शेतं संपून टॉवर उभे राहत होते. शाळेच्या कुंपणाला लागूनच मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. त्या अनुभवावरून हे पत्र लिहिते आहे, आणि मागणी एकच आहे : मूल ज्या शाळेत येऊन बसतं, त्या शाळेपर्यंत त्याच्या वाटणीचा पैसा ते तिथे असतानाच पोचावा.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३१ ते १०० असेल तर २५ हजार. समजा, एखाद्या वस्तीशाळेचा सप्टेंबरचा पट २८ आहे. दिवाळीच्या सुटीनंतर भट्टीवरची १७ मुलं येतात आणि वर्गात ४५ मुलं बसतात. अनुदान मात्र १० हजारच राहतं. त्यातच विजेचं बिल, खडू, फळ्याची डागडुजी, आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करण्याची अट. त्या १७ मुलांसाठी पाटी, वही, चित्रकार्ड, गोष्टीचं पुस्तक यातलं काहीही खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली घ्यायचं, याचं उत्तर कोणत्याही परिपत्रकात मला सापडलं नाही. व्यवहारात शिक्षक खिशातून घेतात किंवा गावातल्या एखाद्या दुकानदाराकडे शब्द टाकतात. हे कौतुकाने सांगितलं जातं, पण शाळा शिक्षकाच्या पगारावर चालावी, असं कायदा म्हणत नाही.

कायदा काय म्हणतो, ते आपल्याला माहीतच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलं म्हणूनही अडवता येत नाही. वयानुसार वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे कलम ४ मध्ये आहे. प्रवेशाचं दार कायद्याने उघडलं. आत आल्यावर त्या मुलाच्या हातात काय द्यायचं, त्याची तरतूद राहून गेली.

नोंदीचाही घोळ आहे. यू-डायस प्लसवर आता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद असते. गावाकडच्या शाळेने मूल ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत टाकलं, तरच नव्या शाळेला ते आपल्याकडे ओढता येतं. गावची शाळा टाकायला धजत नाही, कारण मूल एप्रिल-मेमध्ये परत येणार असतं आणि पट कमी झाला तर तिथल्या शिक्षकाचं पद अडचणीत येतं. मी त्या शिक्षकांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. पण त्यामुळे मूल कागदावर बीडला आणि प्रत्यक्षात आमच्या बाकावर. आमच्या हजेरीत अशा मुलांची नावं सगळ्यात खाली, वेगळ्या रेघेखाली, पेन्सिलीने लिहिलेली असत. गावच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड घेऊन आलेलं मूल असेल तर निदान ते कोणत्या वर्गात होतं आणि त्याला काय येतं, हे तरी कळे. पुष्कळ मुलं काहीच न घेता येतात.

आता एक गोष्ट आपण जरा लक्षपूर्वक पाहावी, अशी विनंती आहे. याच शाळेत पोषण आहाराचा हिशोब रोज होतो. आज किती मुलं जेवली, हा आकडा दररोज मोबाइलवरून वर जातो आणि तांदूळ, डाळ, इंधन-भाजीपाल्याचा खर्च त्यावर निघतो. दिवाळीनंतर ताटं वाढली की ती त्या नोंदीत दिसतात. म्हणजे राज्याला रोज मुलं मोजता येतात आणि त्याप्रमाणे पैसाही देता येतो. यंत्रणा नवी उभारायची नाही. खिचडीसाठी जे करतो, ते पुस्तकासाठी का करत नाही, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे स्थलांतराचा विचार झालाच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. हंगामी वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. बालरक्षक म्हणून शेकडो शिक्षकांनी पालकांच्या हातापाया पडून मुलं गावात थांबवली. मूल गावातच राहून शिकलं, तर त्यासारखं काही नाही. पण हे सगळं मूल निघतं त्या टोकाचं काम आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायला आई-बाप घाबरतात, लहान भावंडं सांभाळायला कुणीतरी लागतं, म्हणून मुलं निघतातच. पूर्वी साखर कारखान्यांवर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा होत्या. मुलांनी नेहमीच्याच शाळेत बसावं, या धोरणाखाली त्या मागे पडल्या. धोरण योग्य होतं, मीही त्याच्या बाजूची आहे. फक्त साखरशाळेवर होणारा खर्च नेहमीच्या शाळेकडे वळायला हवा होता, तो वळला नाही.

मूल पोचतं त्या टोकाला सर्वांत मोठी गरज भाषेची असते, आणि इथे थोड्या पैशात फार मोठं काम होऊ शकतं.

कर्नाटकातल्या यादगीरकडची एक मुलगी आमच्याकडे आली होती. वडील सेंटरिंगच्या कामावर, आई बिगारी. वयाने तिसरीत बसवली. कित्येक दिवस तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. मराठी वाचनाच्या तासाला ती पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून बसे. वर्गशिक्षिकेने माझ्याकडे येऊन काळजीने विचारलं, हिला दिव्यांग तपासणीच्या शिबिराला पाठवू या का? त्याच आठवड्यात अक्कलकोटकडच्या एका ओळखीच्या गुरुजींनी त्यांच्या शाळेतलं बालभारतीचं कन्नड माध्यमाचं दुसरीचं पुस्तक पाठवलं. ते समोर ठेवल्यावर मुलीने पहिलं पान घडाघडा वाचलं, मान वर केली आणि दुसरं उलटलं. गणितातली वजाबाकी तिला आमच्या निम्म्या वर्गापेक्षा चांगली येत होती. वर्षअखेर ती मराठी वाचायला लागली, कारण कन्नड वाचताना कमावलेलं सगळं तिच्यापाशी होतंच, मराठीची अक्षरं तेवढी नव्याने ओळखायची होती.

ते पुस्तक आपल्याच सरकारने छापलेलं होतं. बालभारती मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी या माध्यमांत पाठ्यपुस्तकं काढते. अक्कलकोट, जतच्या कन्नड माध्यमाच्या शाळांत कन्नड पुस्तक सरकार मोफत पोचवतं. पण तेच पुस्तक हिंजवडी किंवा वाघोलीच्या मराठी माध्यमाच्या शाळेला हवं असेल, तर मागणीच्या तक्त्यात तसा रकाना नाही. शाळेचं माध्यम मराठी, म्हणून सगळे संच मराठी. पाच-सात पुस्तकांची सोय झाली, तरी काम भागतं. त्यासाठी ओळखीपाळखीच्या गुरुजींवर विसंबावं लागू नये.

आणि भाषेचा प्रश्न फक्त परराज्यातल्या मुलांचा नाही. रायगड-पालघरहून भट्ट्यांवर येणारी कातकरी, वारली मुलं, नंदुरबार-धुळ्याची पावरी आणि भिलोरी बोलणारी मुलं, मराठवाड्यातल्या तांड्यांवरची गोरबोली बोलणारी मुलं, ही सगळी याच राज्याची. त्यांच्या घरात पाठ्यपुस्तकातली मराठी नाही. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या रेशनकार्डावरचा पत्ता वाचावा.

मराठीच्या काळजीपोटी कुणी या मागणीकडे शंकेने पाहील, हे मी समजू शकते. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणणाऱ्या दोन शासन निर्णयांवरून राज्यात किती वादळ उठलं आणि २९ जूनला ते दोन्ही कसे मागे घ्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिलं. मी त्या वेळी सक्तीच्या विरोधातच होते. मी आज मागते आहे ते मराठीच्या बाजूचंच आहे. कन्नड, तेलुगू, भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला स्वतःच्या भाषेचा आधार मिळाला, तर ते मराठीत लवकर उतरतं आणि टिकतं. आधार मिळाला नाही, तर ते दोन-तीन महिन्यांत भट्टीवर विटा थापायला किंवा धाकट्याला सांभाळायला परत जातं, आणि मराठी त्याला कधीच येत नाही. राज्यघटनेचं कलम ३५० (क) प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करायला सांगतं, २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगतं. प्रत्येक भाषेची वेगळी शाळा काढणं शक्य नाही, हे मला कळतं. आहे त्या मराठी शाळेत त्या मुलाच्या भाषेला थोडी जागा आणि त्या जागेसाठी थोडा पैसा, इतकंच.

हे इतरत्र झालेलं आहे. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात ओडिशा, बंगाल, बिहारमधून आलेल्या मजुरांची मुलं सरकारी शाळांत दाखल होत आणि काही दिवसांत गळत. २०१७ मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने ‘रोशनी’ नावाचा उपक्रम बिनानीपुरमच्या सरकारी शाळेतून सुरू केला. मुलांची भाषा जाणणारे स्वयंसेवक नेमले, त्यांना मानधन दिलं, आणि मुलांच्या भाषेतून त्यांना मल्याळमकडे नेलं. पुढे तो इतर शाळांत गेला. आणि आपल्या नात्यातली, शेजारपाजारची जी मंडळी न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये गेली, त्यांना विचारा. अमेरिकेच्या शालेय शिक्षण कायद्यात, नव्याने देशात आलेली मुलं जिथे लक्षणीय वाढली आहेत अशा शाळा-जिल्ह्यांसाठी राज्यांना वेगळी रक्कम बाजूला काढावी लागते. आलेलं मूल पहिली तीन शैक्षणिक वर्षं ‘नवं’ धरलं जातं. आपल्या इंजिनिअरच्या मुलाला तिथे मिळणारी वागणूक आपल्याला रास्त वाटते. ज्याच्या बापाने त्या इंजिनिअरचा पुण्यातला फ्लॅट बांधला, त्याच्या मुलालाही ती इथे मिळावी.

पैसा कुठून आणायचा? प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो आणि तो इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. मंडळ नोंदणीकृत कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं, ही चांगली गोष्ट आहे. पण वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला जमवून नोंदणी करणं फिरत्या मजुराला जमत नाही, आणि त्याचं मूल योजनेबाहेर राहतं. त्याच उपकरातून शाळेला थेट अनुदान द्यावं. मग मुलाच्या बापाच्या कागदांवर काही अडणार नाही. ऊस पट्ट्यात, ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घ्यायचं ठरलेलं आहे, तिथला वाटा त्यातून काढता येईल.

माझा हिशोब साधा आहे. अशी मुलं येणाऱ्या प्रत्येक शाळेला वर्षाला ५ हजार रुपये ठोक आणि आलेल्या प्रत्येक मुलामागे १ हजार. गणवेशासाठी केंद्राचा दर ६०० रुपये आहेच, तो वेगळा. १ हजारांत पाटी, वह्या, दप्तर आणि मुलाच्या भाषेतली दोन-तीन पुस्तकं बसतात. ५ हजारांत शाळेचा छोटा संग्रह उभा राहतो : बालभारतीची इतर माध्यमांची पुस्तकं, चित्रशब्दकार्डं, पालकांना समजेल अशा भाषेत प्रवेशाचा एक छापील कागद. याशिवाय हंगामापुरतं एका माणसाचं मानधन हवं. हा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मजुरांच्या वस्तीत दहावी-बारावी झालेली एखादी सून असतेच, ती दिवसभर धुण्या-स्वयंपाकात अडकलेली असते. तिला रोज दोन तास शाळेत बसवा. मुलं पळून जाणार नाहीत, आणि आयांना शाळेत यायला संकोच वाटणार नाही.

मोजणीसाठी १५ जानेवारी ही दुसरी तारीख ठरवावी आणि त्या दिवसाचा आकडा पोषण आहाराच्या नोंदीशी ताडून पाहावा, म्हणजे बोगस पटाची भीती राहणार नाही. मुलाची मूळ नोंद गावच्या शाळेतच राहू द्यावी, इथे ‘हंगामी हजर’ अशी जोडनोंद करावी. गावच्या शिक्षकाचं पदही मग धोक्यात येणार नाही. खर्चाचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा आणि त्या समितीवर हंगामापुरता तरी एक स्थलांतरित पालक घ्यावा. एक विशेष विनंती : रक्कम मार्चअखेर टाकू नका. तोवर टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात आणि मुख्याध्यापकाच्या हाती फक्त खर्च दाखवण्याची घाई उरते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. एक शासन निर्णय, मागणीच्या तक्त्यात एक रकाना आणि पोर्टलवर एक जोडनोंद, एवढं पुरतं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातात, त्यात हे शीर्ष आलं, तर याच हंगामातल्या मुलांना फायदा होईल. सगळ्या राज्यात एकदम जमणार नसेल, तर हवेली, मुळशी, भिवंडी आणि कोल्हापूर-सांगलीतले कारखान्यांचे तालुके इथून सुरुवात करावी. तिथले केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी, कोणत्या शाळेत किती मुलं दिवाळीनंतर येतात, हे कागद न बघता सांगतील. त्यांना बोलावून ऐकावं. वेळ दिलीत, तर मीही माझ्याकडच्या वर्षावर्षांच्या नोंदी घेऊन मंत्रालयात येईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, जिल्हा पुणे