भोपळा नाओशिमाचा, इनुजिमाचा नव्हे

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जपानमधल्या इनुजिमा बेटावरचा लेख वाचला. सोबत छापलेला ठिपक्यांचा पिवळा भोपळा मात्र त्याच सेतो अंतर्देशीय समुद्रातल्या नाओशिमा बेटावरचा आहे. यायोई कुसामा यांची ही कलाकृती १९९४ची. ऑगस्ट २०२१च्या वादळात ती समुद्रात वाहून गेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभारली गेली. चूक किरकोळ म्हणून सोडून दिली असती, पण लेखाचा सगळा रोखच त्या भोपळ्यावर आहे: फोटोत उठून दिसणारी वस्तू आणून ठेवली, की ओस पडणारं गाव तरतं!

इनुजिमा तसं तरलेलं नाही. १९०९ साली तिथे तांबं शुद्ध करण्याचा कारखाना निघाला आणि तांब्याचे भाव कोसळल्यावर दहाच वर्षांत बंद पडला. एके काळी हजारोंनी माणसं असलेल्या बेटावर आज पन्नासही उरलेली नाहीत, तीही बहुतेक म्हातारी. त्याच कारखान्यात २००८ साली संग्रहालय झालं, तरी लोकसंख्या घटायची थांबली नाही. लेखकाने लोकसंख्येचा हा आकडा द्यायला हवा होता.

ते संग्रहालय मात्र पाहण्यासारखं आहे. वास्तुविशारद हिरोशी सांबुइची यांनी पडका कारखाना पाडला नाही, त्यालाच कामाला लावलं. तांब्याच्या मळीच्या काळ्या विटा उष्णता धरून ठेवतात, जुनी चिमणी हवा खेचते आणि जमिनीखालच्या बोळातून येताना ती गार होते. वातानुकूलन यंत्राची गरजच पडत नाही.

पण मला गुंतवून ठेवलं ते गावातल्या छोट्या कलादालनांनी. २०१०पासून वास्तुविशारद काझुयो सेजिमा यांनी ती गल्ल्यांमधून अशी विखुरली आहेत, की एका दालनातून दुसऱ्याकडे जायचं तर लोकांच्या कुंपणांवरूनच जावं लागतं. कुठे जुन्या घराचंच लाकूड आणि कौलं पुन्हा वापरली आहेत. एस-आर्ट हाउस म्हणजे तर नुसती पारदर्शक ॲक्रिलिकची लांबट, वळणदार भिंत. आत हारुका कोजिन यांनी लहानमोठी भिंगं बसवली आहेत. भिंगातून बघावं तर पलीकडचं घर फुगतं, आक्रसतं, वाकतं. मी तिथे बराच वेळ उभा होतो, आणि बघत होतो ते कुणाचं तरी साधं घर.

गावकऱ्यांबद्दल लेखात अवाक्षर नाही, हे जास्त खटकलं. नाओशिमावर १९९८ साली तात्सुओ मियाजिमा यांनी एका जुन्या घरात पाणी भरून त्यात १२५ चमकते, सतत बदलणारे आकडे सोडले. प्रत्येक आकडा किती वेगाने पळावा, हे बेटावरच्या १२५ जणांनी ठरवलं. त्यांत पाच वर्षांचं पोर होतं तसे पंचाण्णव वर्षांचे आजोबा-आजीही. त्यांच्या गावात आलेल्या कलेत त्यांचा हात होता. लेखात वास्तुविशारदांचे पुरस्कार मोजताना ही गोष्ट निसटली.

चुकीची दुरुस्ती छापणार असाल तर सोबत एस-आर्ट हाउसचा फोटो द्यावा, ही विनंती. भिंत पारदर्शक असल्याने त्यात शेजारची कौलंच जास्त दिसतील, एवढं सांगून ठेवतो.

आपला,
एक वाचक