बोळातला बर्फ आणि ईएन-८ च्या पिना

बफेलो, न्यूयॉर्क
१७ जानेवारी

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

रविवारी फोनवर तू दोन गोष्टी बोललास आणि घाईत मी दोन्हींना नीट उत्तर दिले नाही. हाताशी यंत्र असताना सत्तर फुटांच्या बोळातला बर्फ काढायला अडीच तास कसे लागतात, हे तुला पटेना. आणि माझ्या स्नोब्लोअरच्या, म्हणजे बर्फ उचलून फेकणाऱ्या यंत्राच्या, पिना तुटतात हे ऐकताच उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये ईएन-८ च्या, म्हणजे कणखर पोलादाच्या, डझनभर पिना करून पाठवतो, म्हणजे पुन्हा तुटण्याचे नाव नको, असे तू म्हणालास. तुझ्या आपलेपणाने मी भारावलो, पण त्या पिना तू करू नयेस असे मला वाटते. का, ते सांगायचे तर सगळी हकिगत सांगावी लागेल. आज रात्री सरोवरावरून पुन्हा वारा सुटणार आहे, दुपार मात्र मोकळी आहे, म्हणून लिहायला बसलो आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आण. आमचे घर १९२० च्या दशकातले आहे. तेव्हाच्या गाड्या अंगाने अरुंद असत आणि या भागात घरेही एकमेकांना खेटून बांधली गेली. गाडी ठेवायचे गॅरेज परसात, अगदी मागे आहे, आणि रस्त्यापासून तिथवर जाणारा ड्राइव्हवे साडेआठ फूट रुंद आहे. डाव्या हाताला आमची भिंत, उजव्या हाताला शेजारच्या आजींची. त्याला बोळच म्हणायचे. मंगळवार पेठेत तुमच्या जुन्या वाड्यामागे होता तसा, फक्त इथे त्यातून रोज गाडी न्यावी लागते. पुढे रस्त्याच्या बाजूला हिरवळीचा लहानसा तुकडा आहे आणि मागे गॅरेजच्या शेजारी परसाची थोडी मोकळी जागा आहे.

बर्फ इथे वर्षाला सरासरी ९५ इंच पडतो, म्हणजे जवळजवळ आठ फूट. त्याचे कारण आमच्या पश्चिमेला पसरलेले एरी सरोवर. ते जवळपास ३९० किलोमीटर लांब आहे आणि आम्ही त्याच्या पूर्व टोकाशी राहतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी अजून कोमट असते. त्यावरून नैर्ऋत्येचा थंडगार वारा सरोवराची सगळी लांबी कापत येतो, वाटेत बाष्प पितो आणि किनारा लागताच ते बर्फ म्हणून टाकून देतो. हा बर्फ पट्ट्यांत पडतो आणि पट्टा अरुंद असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये सुमारे ८० इंच बर्फ पडला, तेव्हा आमच्या उत्तरेकडच्या भागात त्या मानाने फारच कमी होता. एरी सरोवर उथळ आहे, त्यामुळे बहुतेक वर्षी ते गोठते, आणि गोठले की पाण्यावर झाकण पडल्यासारखे होऊन हा बर्फ कमी होतो. म्हणून आम्ही सगळे जानेवारीत सरोवर गोठण्याची वाट पाहत असतो.

आता तुझा हिशेब. बोळ सत्तर फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद. एक फूट बर्फ पडला तर जवळजवळ सहाशे घनफूट, म्हणजे सुमारे सतरा घनमीटर होतो. दहा इंच बर्फाचे एक इंच पाणी असे धरले तर त्याचे वजन पावणेदोन टनांच्या घरात जाते. सरोवराचा बर्फ कापसासारखा हलका असतो, तो याच्या निम्माही भरतो. मार्चमधला ओला बर्फ मात्र दुप्पट-तिप्पट जड असतो. एवढा माल उचलणे यंत्राला जड नाही. तो ठेवायचा कुठे, हा खरा प्रश्न आहे. रुंद अंगण असलेला माणूस बर्फ डावीकडे-उजवीकडे उडवून वीस मिनिटांत मोकळा होतो. मला दोन्ही बाजूंना भिंती आहेत. रस्त्यावर बर्फ ढकलायला कायद्याने मनाई आहे आणि शेजाऱ्यांच्या दारात टाकणे कोणत्याच कायद्यात बसत नाही. माझा सगळा वेळ जातो तो या ठेवण्यात.

यंत्र तुला लगेच कळेल. आपल्याकडे भातखाचरात पॉवर टिलर हाकतात तसे ते दोन मुठी धरून मागून चालत हाकायचे असते. एका मुठीची कळ दाबली की चाके चालतात, दुसरीची दाबली की पुढचे पाते फिरते, सोडली की थांबते. पुढे चोवीस इंच रुंदीचा पेटीसारखा जबडा असतो, त्यात आडवा ऑगर. त्याची मळसूत्री पाती अर्धी डावी, अर्धी उजवी वळवलेली असतात, त्यामुळे दोन्हीकडचा बर्फ मध्यावर येतो. मध्यामागे एक जोरकस पंखा असतो; तो हा बर्फ वरच्या वळवता येणाऱ्या नळकांड्यातून, म्हणजे शूटमधून, चाळीस फुटांपर्यंत फेकतो. माँट्रियलजवळच्या शेतकरी कुटुंबातल्या आर्थर सिकार्ड यांना मळणी यंत्र पाहून ही कल्पना सुचली असे सांगतात. त्यांनी १९२५ मध्ये असे यंत्र उभे केले आणि १९२७ मध्ये पहिले यंत्र तिथल्या उत्रमाँ नगरपालिकेला विकले. मळणी यंत्रातून भुसा उडताना तू पाहिलाच आहेस; बर्फाचा तो फवारा थेट तसाच दिसतो.

पण शूट पुढे आणि बाजूंना वळते, मागे वळत नाही. बोळात बाजूंना फेकता येत नाही, म्हणून बर्फ पुढेच फेकावा लागतो. गॅरेजपासून रस्त्याकडे सरळ निघालो तर फेकलेला बर्फ चाळीस फुटांवर माझ्याच वाटेत पडतो आणि थोड्या वेळाने तोच बर्फ, आता अधिक दाटलेला, मला पुन्हा खावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात मी तीन-तीनदा तोच बर्फ उचलत होतो. आता माझी रीत अशी आहे. आधी गॅरेजपुढची जागा साफ करून बर्फ परसात टाकायचा. मग शूट उंच ठेवून मधोमध एकच वाट रस्त्यापर्यंत काढायची; हे दुहेरी काम टळत नाही, पण ते एकदाच होते. त्यानंतर बोळाचे मनाने दोन भाग करायचे आणि प्रत्येक फेरी मध्यावरूनच सुरू करायची. मध्यावरून रस्त्याकडे जाताना फेकलेला बर्फ पुढच्या हिरवळीवर जातो, मध्यावरून गॅरेजकडे जाताना फेकलेला परसात. परत मध्यावर येताना पाते बंद ठेवून नुसते यंत्र चालवायचे. भिंतीलगतचा तीन-चार इंचांचा पट्टा यंत्राला पोचत नाही. तो आधीच फावड्याने ओढून मधे आणायचा. चोवीस इंचांच्या जबड्याने साडेआठ फुटांच्या रुंदीला पाच फेऱ्या लागतात, आणि त्या दोन्ही भागांना वेगवेगळ्या. वारा तोंडावर असेल तर फेकलेला बर्फ चष्म्यावर परत येतो आणि सगळे काम दुप्पट होते.

आणखी एक गोष्ट मला तीन हिवाळे गेल्यावर उमगली. डिसेंबरमधला पहिला चार इंच बर्फसुद्धा जमेल तितका लांब, हिरवळीच्या पार टोकाशी फेकला पाहिजे. तेव्हा जवळ टाकला तर तिथेच तो गोठून दगड होतो, पुढचा बर्फ त्याच्यावर चढतो आणि फेब्रुवारीत छातीएवढा ढीग बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. मग बर्फ टाकायला जागा उरत नाही आणि गाडी मागे घेताना पदपथावरची शाळकरी मुले दिसत नाहीत. हे दुसरे मला फार भयंकर वाटते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला जागा जपून वापरायची.

आता जी गोष्ट मी फोनवर सांगू शकलो नाही, ती लिहितो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत असाच ढीग वाढला होता, परसही भरले होते. सोळा इंच बर्फ पडला होता आणि मी थकलो होतो. म्हणून शूट थोडे उजवीकडे वळवून मी आजींच्या भिंतीलगत बर्फ लावत गेलो. उन्हाळ्यापर्यंत राहील तिथेच, कोणाला त्रास नाही, असे मनात म्हटले. त्या भिंतीतून जमिनीपासून दीड फुटावर दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर येतात. तळघरात घर तापवणारा गॅसचा फर्नेस असतो. एक पाइप त्याला हवा देतो, दुसरा जळलेला वायू बाहेर टाकतो. दोन्ही माझ्या बर्फाखाली गेले. संध्याकाळी सातला आजींचा फोन आला, घर गार पडत चालले आहे, तुम्हाला काही कळते का म्हणून. बाहेर उणे चौदा अंश तापमान होते. मी फावडे घेऊन धावलो आणि शेवटचा फूटभर बर्फ हातांनीच उपसला, कारण फावड्याने पाइप फुटला असता. पाइपच्या तोंडाशी आतल्या ओलाव्याने काचेसारखा बर्फाचा बूच तयार झाला होता. तो अंगठ्याने दाबून काढला तेव्हा आतून हवेचा बारीक सुस्कारा आला, तो मला अजून ऐकू येतो. फर्नेसमधल्या दाबाच्या स्विचने आपले काम केले होते; हवा अडली की तो गॅस बंद करतो. तो स्विच चालला नसता तर कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या घरात भरला असता, आणि त्या एकट्या राहतात. डिसेंबर २०२२ च्या वादळात आमच्या एरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसे दगावली, त्यांतली काही घरातच, उष्णता बंद पडल्यामुळे. हे ठाऊक असूनही मी तो बर्फ तिथे लावला. आजी एका शब्दाने रागावल्या नाहीत. मला आत बोलावून त्यांनी हात शेकायला लावले. आता दोन्ही घरांच्या पाइपांशी मी नारिंगी काठ्या रोवल्या आहेत, आणि यंत्र सुरू करण्याआधी फावड्याने पाइपांभोवती दोन हात जागा मोकळी करतो. अडीच तासांतली पंधरा मिनिटे त्यात जातात आणि त्यांत मी कधीच काटकसर करणार नाही.

आता पिनांकडे येतो. बोळ साफ झाला की नगरपालिकेची बर्फ सारणारी गाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा गाळ आमच्या तोंडाशी लावून जाते. मी त्याला बांध म्हणतो. शेताच्या बांधासारखाच तो आडवा पडलेला असतो, गुडघाभर उंच, मीठ मुरलेला आणि दाबून घट्ट झालेला. त्यात काय दडले आहे ते दिसत नाही. मागच्या आठवड्यात भिजून गोठलेली वर्तमानपत्राची गुंडाळी त्यात होती. ऑगरने ती ओढली, एक ठणका आला आणि उजवे पाते जागीच थांबले, आतला दांडा मात्र फिरत राहिला. पाते आणि दांडा यांना जोडणारी शिअर पिन तुटली होती. इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि उघड्या बोटांनी नवी पिन बसवली. तिला जागेवर अडकवून ठेवणारी एवढीशी कॉटर पिन हातमोज्यांनी धरता येत नाही. तुटलेली पिन माझ्यासमोर टेबलावर आहे. बोटभर लांब, मधे मुद्दाम खाच पाडून अशक्त केलेली, आणि तुटलेला भाग राखाडी, खरबरीत.

संजय, ती तुटली म्हणून गिअरबॉक्स वाचला. तुझी ईएन-८ ची पिन तुटली नसती. तिच्याऐवजी आतले गिअर गेले असते, आणि तो खर्च जवळजवळ अर्ध्या यंत्राचा. चांगल्या कारागिराला मऊ वस्तू करायला सांगणे अवघड वाटते हे मी जाणतो, पण या पिनेचा गुणच वेळेवर तुटण्याचा आहे. म्हणून मी कंपनीच्याच पिना वापरतो, दोन मुठीशेजारी चिकटपट्टीने लावून ठेवतो, आणि बांधाला अर्ध्या रुंदीचा घास घेत पहिल्या गिअरवर हळूहळू पोखरतो.

काकूंना सांग, हात मी कधीही त्या जबड्यात किंवा शूटमध्ये घालत नाही. ओला बर्फ शूटमध्ये तुंबतो तेव्हा मोह होतो, पण इंजिन बंद केल्यावरही आत अडकलेला ताण सुटून पाते एकदम गिरकी घेऊ शकते. तुंबलेला बर्फ प्लास्टिकच्या काठीनेच काढायचा असतो आणि ती काठी यंत्रालाच अडकवलेली असते. तुमच्या गुऱ्हाळावर चरकाजवळ गेलो की तुझे आजोबा ज्या आवाजात ओरडायचे, तो आवाज मला दर वेळी आठवतो.

तुला काही करून पाठवायचेच असेल तर स्किड शू कर. जबड्याच्या दोन्ही अंगांना खाली घासत जाणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या असतात. जबडा जमिनीपासून किती वर राहील ते त्या ठरवतात. दर वर्षी जमीन गोठून ड्राइव्हवेच्या काँक्रीटच्या लाद्या उचलल्या जातात आणि त्यांच्या कडांवर घासून या पट्ट्या दोन हिवाळ्यांत झिजतात. तिथे तुझे ईएन-८ हवेच आहे, आणि कडा थोड्या वर वळवलेल्या असाव्यात म्हणजे लादीत अडकणार नाहीत. जुन्या पट्टीचा ठसा काढून, भोकांची मापे मिलिमीटरमध्ये लिहून कागद सोबत जोडला आहे. घाई नाही, मार्चमध्ये वहिनींच्या भावाबरोबर आल्या तरी चालतील.

खिडकीतून दिसते आहे, पश्चिमेकडे ढगाची काळी भिंत उभी राहिली आहे. पेट्रोल भरायचे आहे आणि काळोख पडण्याआधी आजींच्या काठ्या सरळ आहेत का ते पाहून यायचे आहे. काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल