जहाजावरच्या माणसांना घरी जाऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार.

कोरोनात २०२० च्या शेवटी शेवटी जवळपास ४ लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजावरच अडकलेले होते. जगाचा ८० टक्क्यांहून जास्त माल हेच लोक पोचवतात, औषधं, धान्य, तेल सगळं, पण तेव्हा जहाज बंदराला लागलं की माल उतरवायला परवानगी होती आणि माणसाला गँगवेवरून (जहाजातून उतरायच्या शिडीवरून) खाली पाय ठेवायला नव्हती, हा कुठला न्याय? सलग ११ महिन्यांच्या वर कोणाला जहाजावर ठेवायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, तरी काहीजण दीड वर्षाच्या आसपास तिथेच होते. इंजिन रूमच्या उकाड्यात रोज वॉच (पाळीची ड्युटी) करून पार थकलेला माणूस एखादा व्हॉल्व्ह चुकीचा फिरवतो आणि सगळ्यांच्याच जिवावर बेततं.

आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) मे २०२० मध्येच क्रू चेंजचा, म्हणजे जुने खलाशी उतरवून नवे चढवायचा, प्रोटोकॉल दिला होता, निघण्याआधी टेस्ट, क्वारंटाइन, बंदर ते विमानतळ सुरक्षित प्रवास, सगळं त्यात होतं, पण सरकारं खलाशांना अत्यावश्यक कामगार मानतच नसतील तर व्हिसा नाही, फ्लाइट नाही, मग तो कागद नुसता कागदच राहतो ना. पुढची साथ यायच्या आधी प्रत्येक देशाने निदान एक बंदर तरी क्रू चेंजसाठी उघडं ठेवायचं पक्कं करावं, आणि लस देताना खलाशी कुठल्या देशाचा आहे ते न बघता त्याला आधी द्यावी.

- एका खलाशाची बहीण